मधले दोन सिलिंडर

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, चाळीस वर्षं मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळलं आणि त्या चाळीस वर्षांत एकदाही स्पार्क प्लग हातात धरला नाही. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हे मीच दरवर्षी वर्गात मुलांना शिकवते. तरी गाडीचे प्लग बदलायचं काम बाबांना सांगताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा चारही जुने प्लग अंगणात वर्तमानपत्रावर मांडलेले होते.

"असले बारके काय गो हे?" एक प्लग चिमटीत धरून बाबा म्हणाले. "एवढ्याशानं इंजान चालतो?"

गाडीचं काम हे खरं तर निमित्त होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्यांनी लाँचची शिडी चढायला नकार दिला आणि ते घरी बसले. कान तर इंजिनाच्या आवाजानं आधीच अर्धे गेलेले. सुरुवातीला रोज संध्याकाळी जेटीवर जात, मग तेही सोडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "थंय गेलो की तब्येत विचारतात. इंजानाचा कोण विचारीत नाय." तेव्हापासून पडवीतली खुर्ची आणि ते. बोलणं जेवणापुरतं. भांडणं तर बंदच झाली होती, आणि आमच्या घरात भांडण बंद होणं हे काही चांगलं लक्षण नव्हे.

नवरा मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. फोनवर म्हणाला, "गॅरेजला टाक ना. बाबांना कशाला दगदग?" माझं डोकंच फिरलं. दगदग नको, दगदग नको म्हणत आपण माणसाला फडताळातल्या चिनी मातीच्या बरणीसारखं ठेवून देतो आणि वर स्वतःला प्रेमळ समजतो. मी सांगितलं, "बाबाच करतील," आणि फोन ठेवला. सोमवारी मला याच गाडीनं तीस किलोमीटरवरच्या शाळेत जायचं होतं, हे बोलताना विसरले.

काम मात्र झकास सुरू झालं. मी प्रयोगशाळेत वावरणारी बाई, बाटली दिसली की चिठ्ठी डकवते. प्लगवरच्या चार वायरी उपसताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून मी एक ते चार नंबर घातले आणि बांगडे साफ करायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर बाबांनीही इंजिनावर, चारही भोकांशेजारी, खडूनं एक ते चार लिहिलेलं. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, सासरा-सून दोघंही शिस्तीची.

नवे प्लग बाबांनी आधी हातानं फिरवून बसवले, मग पान्यानं बेतानं आवळले. आता वायरी. माझी एक नंबरची वायर त्यांच्या एक नंबरच्या भोकापर्यंत पोचेना. बाबा म्हणाले, "तू उलटा लिवलंस बहुतेक." माझ्या बोटांना बांगड्यांचा वास, डोक्यात कढीचं वाटण, वाटलं, असेल झाली चूक. कडेच्या दोन वायरी लांबीवरून जिथल्या तिथे लागल्या. मधल्या दोन सारख्याच लांबीच्या, कुठेही पोचत होत्या. त्या आम्ही नंबरावर नंबर बघून लावल्या, आणि मी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली म्हणायची इतकंच. बॉनेट थडथडायला लागलं, मागून फटाफट आवाज, आरसा हलून त्यात आमचं घर नाचताना दिसायला लागलं. मेकॅनिक लोक ज्याला 'मिसिंग' म्हणतात ते हेच. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन विचारून गेली, "नवे घातलेत ना?" मी दात दाखवून हसले. मनात काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांचा चेहरा मात्र एकदम उतरला. त्यांनी पाना वर्तमानपत्रावर ठेवला, हात पुसले. "बोलव गॅरेजवाल्याला," म्हणाले. "माझे हात आता कामाचे राहिले नाय."

गाडी गेली खड्ड्यात, शाळेला एसटीनं जाता आलं असतं. पण हा माणूस आता उठून त्या खुर्चीत बसला, तर पुन्हा कुठल्याही कामाला हात लावणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. आणि त्याला तिथवर मीच आणलं होतं, मोठ्या हौसेनं. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते.

"लाँच समुद्रात बंद पडल्यावर गॅरेजवाला बोलवत होतात का?" मी इतक्या मोठ्यानं विचारलं की त्यांच्या कानांनाही पोचलं.

बाबांनी ठेवलेला पाना परत उचलला. मग म्हणाले, "वरडू नको. किल्ली घे."

चार सिलिंडरांतला कोण काम करत नाही ते शोधायची त्यांची पद्धत साधी होती. गाडी बंद करून एक वायर काढायची, मग सुरू करायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी बिघडलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच झोपलेला. मी एकदा आगाऊपणा करून गाडी चालू असतानाच वायरीला हात लावला. कोपरापर्यंत असा झटका बसला की तोंडातून थेट माहेरची शिवी बाहेर पडली. सासऱ्यांसमोर. त्यांनी ऐकली नसावी, असं मी आजवर धरून चालले आहे.

कानांचा उपयोग नव्हताच. बाबा इंजिनाच्या अंगावर तळवा टेकवून डोळे मिटत. लाँचवरही म्हणे ते असंच करत. झोपेतसुद्धा फळीवरच्या पाठीला इंजिनाचं दुखणं कळे. पहिली वायर काढली, गाडी मेलीच. शेवटची काढली, तेच. मधली एक काढली. बाबांनी डोळे उघडले. "काय फरक नाय." दुसरी मधली काढली. "ह्याचा पण नाय. मधले दोघं निजलेत."

मग संशय नव्या प्लगांवर. दुकानदारानं खराब माल दिला, म्हणून मी कंबर कसून त्याला बोलायला निघाले होते. बाबांनी अडवलं. जुने दोन प्लग ब्रशनं घासून मधल्या जागी बसवले. गाडी तश्शीच. म्हणजे प्लग निर्दोष होते. आमचंच नाचता येईना अंगण वाकडं चाललं होतं.

दीड वाजला होता. आत बांगड्यांची कढी निवत होती. मी बॉनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. बघता बघता लक्षात आलं, बाबांचा खडूचा एक माझ्या उजव्या हाताला होता. मी तर डावीकडून मोजलं होतं.

"बाबा, तुमचा एक हिकडे कसा?"

"मग कुठे असणार? गाडीचा डावा अंग त्योच ना?"

"मी इथे उभी आहे. माझा डावा हात हा बघा."

"तू उभी ऱ्हव कुठेपण!" बाबांचा आवाज चढला. "बोटीवर माणूस दिवसात सतरांदा फिरतो गो. त्याचा डावा-उजवा धरलास तर बोट खडकावर जायल. बोटीचा डावा तो डावा. गाडीचा पण तसाच!"

तेव्हा उजेड पडला. मी स्वतःपासून मोजलं होतं, त्यांनी गाडीपासून. माझा दोन तो त्यांचा तीन. कडेच्या वायरींना लांबीनं वाचवलं. मधल्या दोघींची मात्र आम्ही नंबर जुळवून जुळवून, अगदी मन लावून अदलाबदल केली होती. एका सिलिंडरात पेट्रोल ठिणगीची वाट बघत होतं आणि त्याची ठिणगी शेजारच्याकडे जात होती.

"पुस्तकात बॉनेटसमोर उभं राहूनच मोजतात," मी म्हटलं. असं कुठल्या पुस्तकात असतं ते मला ठाऊक नव्हतं.

"पुस्तक लिवणारा कधी बोटीत बसला नसंल!"

आणि आम्ही भांडायला लागलो. चांगली दहा मिनिटं. बाबा हातवारे करत होते, खडूनं जमिनीवर बोट काढून दाखवत होते, मला 'घाटी' म्हणाले. माझं माहेर घाटावर नाही, कोकणातच लांज्याकडे आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी तोंडानं वाद घालत होते आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं की ते वादात जिंकले तरी माझी हरकत नव्हती. शेवटी शेजारची बाई पुन्हा कुंपणापाशी आली, तेव्हा आम्ही दोघंही शहाण्यासारखे गप्प झालो.

वायरी बदलायला अर्धं मिनिट लागलं, नवे प्लग परत घालायला आणखी पाच. किल्ली फिरवली आणि इंजिन असं चालू झालं की खाली उतरून खात्री करावी लागली. बाबांनी तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग नुसतं "हां" म्हणाले आणि आत जाऊन कढी-भात दोनदा वाढून घेतला.

सोमवारी पहाटे उठले तर ते अंघोळ करून, केस विंचरून पडवीत उभे. खुर्ची भिंतीला लावलेली.

"दुसरा काय बिघडलाय गो घरात?"

मी घरभर नजर फिरवली. पंखे फिरत होते, नळ गळत नव्हता, कडीकोयंडे जागच्या जागी. मेलं काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. तेव्हा मी "बघते हां" म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सरच्या बुडाचे दोन स्क्रू गुपचूप सैल केले.

संध्याकाळी शाळेतून आले तर मिक्सर ओट्यावर पुसूनबिसून ठेवलेला. बाबा शेजारी चहा पीत बसलेले.

"झाला?" मी विचारलं.

"झाला. पण दोन्ही स्क्रू एकदम, सारखेच ढिले कसे होतील?" ते चहात बघत म्हणाले. "उद्या जरा कठीण काढ."