जीभसाहेबांचा अभिप्राय

आईस्क्रीमच्या कारखान्यात त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं, पण नाव मात्र चालू राहिलं. कामच तसं होतं. पांढरा कोट घालून खुर्चीत बसायचं, समोरच्या वाडग्यातलं आईस्क्रीम चमच्याच्या टोकावर घ्यायचं, तोंडात घोळवायचं, बादलीत थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि सांगायचं, "दूध कालचं आहे." समोरचे लोक गार पडत. उभा जन्म माणसाने थुंकण्याचा पगार घेतला, यापेक्षा नशीब ते काय असतं!

कारखान्यात शेवटचा शब्द यांचा, मग घरात तो दुसऱ्याचा कसा चालेल? पहिला घास तोंडात गेला की जीभसाहेब डोळे मिटत. बायको हातात डाव घेऊन उभी असे. मग निकाल लागे. "मीठ कणभर कमी." "कांदा घाईत परतलाय." "ठीक आहे" हा या दरबारातला सर्वांत मोठा मान. तो आजवर दोन-तीनदाच दिला गेला होता, आणि त्यातला एक शेजारणीने पाठवलेल्या भाजीला होता.

गेल्या हिवाळ्यात त्यांना साधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेली. लिंबू चोखलं तर पाणी. गूळ खाल्ला तर मेण. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, वाट बघा." जीभसाहेब वाट बघत राहिले आणि घरात याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. सोनाराची नजर गेली तर तो चष्मा लावतो, पण जिभेला चष्मा कुठून आणायचा? या एका गोष्टीवर माणूस जन्मभर ताठ चालला होता. ती गेली हे कळलं असतं तर घरात त्यांची किंमत काय राहिली असती? म्हणून निकाल पूर्वीसारखेच लागत राहिले. एकदम गप्प बसले तर संशय नाही का येणार?

हे असंच निभावलंही असतं, पण आडवा आला ढोल्या. ढोल्या म्हणजे घरचा कुत्रा. चालायला लागला की आधी पोट पुढे जायचं आणि मागून कुत्रा यायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची बिस्किटं बंद केली. झालं! सूनबाईंनी मोबाइलवर रात्रंदिवस अभ्यास केला आणि घोषणा केली की यापुढे ढोल्याला घरी केलेला, पौष्टिक, गोठवलेला खाऊ मिळेल. उकडलेला भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, बिनसाखरेचं दही. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, मनुका नाहीत, चॉकलेटचं तर नाव काढायचं नाही. हाडाच्या आकाराचे रबरी साचे आले. सासूबाईंचे वाटाणे फ्रीजरमधून हद्दपार झाले. मुलाने एकदा बर्फ मागितला, तर त्याच्या सरबतात गाजराचं हाड पडलं.

शेजारपाजारच्या कुत्र्यांनाही ते आवडलं आणि बघता बघता सूनबाईंचा धंदा सुरू झाला. गिऱ्हाइकं एकापेक्षा एक. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा मुलगा वेफर्स खाऊन शाळेत जाई, पण कुत्र्याच्या पोटात साखरेचा कण गेलेला बाईंना खपत नसे. "आमच्या बाळाला काहीही चालत नाही हं," त्या म्हणाल्या. "तज्ज्ञ माणसाने चव बघितलीये का याची?"

सूनबाईंचे डोळे चमकले. "बाबा, काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुमच्यासारखी जीभ घरात असताना मी कुणाकडे जाऊ?"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर का नाही हे सांगावं लागणार. पहिल्या दिवशी त्यांनी देवाचं नाव घेऊन भोपळ्याचा तुकडा तोंडात घातला. थंड लागला, एवढंच कळलं. आता काय बोलायचं म्हणून त्यांनी खाली बघितलं, तर टेबलाखाली ढोल्या तोच खाऊ चाटत होता आणि शेपूट फरशीवर दणादण आपटत होतं.

"उत्तम," जीभसाहेब म्हणाले. "भोपळा पुढे येतो, दही मागून सांभाळून घेतं."

तिथून पुढे सोपं झालं. शेपूट जोरात असेल तर 'उत्तम'. नुसतं टोक हललं तर 'समतोल हवा'. ढोल्या हुंगून मागे सरला तर 'दही आंबलंय, टाकून दे'. आणि दही खरंच आंबलेलं निघे! सूनबाई कौतुकाने वेड्या व्हायच्या राहिल्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे कुत्रं खात होतं आणि आंधळं निकाल देत होतं. खाऊच्या खोक्यावर बाबांचा कोटातला फोटो छापला गेला, खाली 'अनुभवी जिभेची पसंती'. तो फोटो बघून जीभसाहेबांना स्वतःचीच खात्री पटू लागली. माणूस एकदा छापला गेला की त्याचं असंच होतं.

मग एका रविवारी पाळीव प्राण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर खोकी त्यांच्या दुकानात लागणार होती, आणि त्यांना तज्ज्ञांना चव बघताना प्रत्यक्ष पाहायचं होतं. सूनबाईंनी घर चकाचक केलं आणि ढोल्याही चकाचक असावा म्हणून त्याला नवऱ्याबरोबर कुत्र्यांच्या सलूनमध्ये आंघोळीला आणि केस कापायला पिटाळलं.

"ढोल्या कुठे आहे?" कोट चढवता चढवता जीभसाहेबांनी विचारलं.

"केस कापायला. येईल तासाभरात."

जीभसाहेब मटकन खुर्चीत बसले. तेवढ्यात बेल वाजली.

मालकीणबाई ऐसपैस आणि बोलक्या होत्या. सूनबाईंनी स्वयंपाकघरात दोन वाडगे भरून ठेवले होते. एकात कुत्र्यांसाठीचा नवा प्रकार, मासा आणि भोपळा. दुसऱ्यात पाहुणीसाठी घरचं व्हॅनिला आईस्क्रीम, साखर सढळ हाताने घातलेलं. दोन्ही फिकट, दोन्ही गोल. सासूबाईंनी ट्रे उचलला आणि बाहेर आणून ठेवला. घाईत वाडग्यांची अदलाबदल झाली.

जीभसाहेबांनी चमचा भरला, डोळे मिटले, सवयीने घोळवलं. खाली बघायला शेपूट नव्हतं. मग जे ठाऊक होतं तेच बोलायचं त्यांनी ठरवलं.

"वा!" ते म्हणाले. "मासा ताजा आहे. भोपळ्याने त्याचा उग्रपणा मोडलाय. आणि मुख्य म्हणजे साखरेचा लवलेश नाही. कुठल्याही कुत्र्याने डोळे मिटून खावं."

समोर मालकीणबाईंनी मोठा चमचा तोंडात घातला होता. त्यांचा चेहरा आधी लांबला, मग आक्रसला. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि कसंबसं विचारलं, "अहो, व्हॅनिलाला माशाचा वास का येतोय?"

सूनबाईंनी झटकन सासऱ्यांच्या वाडग्यातलं बोटावर घेऊन चाटलं. "बाबा, हे व्हॅनिला आहे," त्या हळूच म्हणाल्या. "नुसती साखर आहे यात."

जीभसाहेबांचे कान लाल झाले. दारात किल्ली फिरली आणि आंघोळ केलेला ढोल्या सुसाट आत आला. त्याने थेट मालकीणबाईंच्या मांडीवर पुढचे पाय टेकले आणि त्यांच्या हातातला वाडगा असा चाटून काढला की धुवायची गरज उरली नाही. मालकीणबाई पोट धरधरून हसल्या. "मला हा तज्ज्ञ पुरे आहे," त्या म्हणाल्या. "खोक्यावर याचा फोटो लावा आणि पाठवून द्या." म्हणजे धंद्याचं सोनं झालं. जीभसाहेब तेवढे कोटासकट खोक्यावरून उतरले.

पाहुणी गेली, सूनबाई आणि मुलगा तिला सोडायला खाली गेले. जीभसाहेब वाडगे घेऊन स्वयंपाकघरात आले. कुणी न सांगता भांडी उचलण्याची त्यांची ही पहिलीच खेप होती. बायको ओट्याला टेकून उभी होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून. ती सर्दी झाली ना..."

"काहीच कळत नाही?"

"गरम कळतं. गार कळतं."

जीभसाहेबांना वाटलं, आता ही जवळ येईल, अहो सांगायचं तरी, म्हणेल. पण ती मनात हिशेब लावत होती.

"मग काल म्हणालात ना, डाळीत मीठ कमी आहे?"

जीभसाहेबांनी वाडगा नळाखाली धरला.

"परवाची भाजी करपट होती म्हणालात. मी अख्खी टाकून दिली आणि परत केली."

"अगं, ते आपलं... सवयीने."

"सवयीने." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं माझाच हात गेला. वर्षभर मी चमच्याने मोजून मीठ घालतेय. ताटं वाढायच्या आधी वाटी घेऊन शेजारणीकडे जाते, तिला म्हणते, बाई, चाखून बघ, मला आता कळेनासं झालंय. ती म्हणायची, छान झालंय. मला वाटायचं, माझं मन राखते आहे."

नळ नुसताच वाहत होता. तिने तो बंद केला.

"बरं, हे एक वर्ष सोडा. त्याआधी तर चव होती ना तुम्हाला? तेव्हा खरंच कमी असायचं का हो मीठ?"

खोटं बोलायला आता टेबलाखाली बघायची सोय नव्हती. "नाही," ते म्हणाले. "बरोबर असायचं. पहिल्यापासून बरोबर असायचं."

तिने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातला वाडगा काढून घेतला.

"मग तेव्हा एकदा तसं म्हणाला असतात, तर काय जीभ झडली असती?"