पत्रे लागतील म्हणून

नळी तोंडातच होती अन् आत्याबाई टिपाडाला टेकून खाली घसरल्या. मला वाटलं पाय सरकला. मी लेकरू छातीशी धरून धावले तर त्यांचे ओठ जांभळे पडलेले, डोळे माझ्याकडं, अन् श्वास असा आत घेत होत्या की जणू अजून नळीच ओढतायत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. करोनाचं दुसरं वरीस होतं ते, उन्हाळा.

आमची गल्ली हर्सूलकडं, उताराची. नळ नाय. वर गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा हौद हाय, टँकर येऊन तो भरून जातो. मग सगळ्यांनी मिळून आणलेली एक लांब नळी हौदात सोडायची, तिचं दुसरं टोक आपल्या दाराशी आणायचं अन् तोंड लावून जोरात ओढायचं. पाणी तोंडात आलं की नळी टिपाडात. आपलं भरलं की शेजारणीकडं द्यायची. नेता नेता हवा शिरते, म्हणून तिनं परत तोंड लावायचं. करोना आला तरी हे तसंच चालू राहिलं. मास्क होता की, गळ्यात. दुकानात आम्ही लांब लांब उभं राहायचो, आल्यागेल्यावर साबणानं हात धुवायचो, अन् त्या हात धुवायच्या पाण्यासाठी सगळी गल्ली एका नळीला तोंड लावायची. कुणाच्या ध्यानात आलं नाय. माझ्या बी नाय.

"काय वो आत्याबाई," समोरच्या मावशी ओरडल्या, "दम संपला का? सुनेला बोलायला तर लई दम असतो तुम्हाला!"

बायका हसल्या. आत्याबाई बी हसायला गेल्या अन् त्यांना खोकला आला, तो थांबेचना. मावशींनी नळी उचलली, पदरानं पुसली, अन् पाणी वाया जाईल म्हणून आपल्या दाराशी नेऊन ओढली.

दोघी-तिघींनी धरून आत्याबाईंना आत आणलं. आत म्हणजे एकच खोली. त्यात आम्ही नवरा-बायको, आत्याबाई, लेकरू, चूल, टिपाड, सगळंच. मला बी ताप येऊन गेला होता. फोडणी जळाली तरी वास यायचा नाय. जरा चाललं की धाप लागायची. सगळे म्हणायचे, ओली बाळंतीण हाय, अशक्तपणा असंल. मी बी तेच धरून बसले होते.

लेकराच्या बापाला फोन लावला. वाजत राहिला. कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात, सुट्टी झाल्यावर देतात. मला माहीत होतं, तरी मी लावतच राहिले. मग दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावावा म्हणलं, तर मावशींनी माझ्या हातातला फोनच धरला.

"लावायचा नाय हां."

"मावशी, त्यांना श्वास येत नाय."

"येतंय. ओव्याचा शेक दे, गरम पाणी पाज. खालच्या गल्लीचं काय झालं, बघितलं ना? एक बाई पॉझिटिव्ह निघाली अन् गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. टँकरवाला आत यायला तयार नाय. हापशावर बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. आपल्या गल्लीत किती लेकरं हायत बघ की. ती काय पिणार?"

मावशी वाईट नव्हत्या. माझ्या कळा सुरू झाल्या तवा रिक्षा बोलवायला त्याच अनवाणी पळाल्या होत्या. आत्ता बी ओवा त्यांनीच आणला, तव्यावर गरम करून फडक्यात बांधून दिला.

आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. एक एक शब्द तोडून म्हणल्या, "नको सांगू. पाणी बंद व्हईल. लेकराची दुपटी कशात धुशील?"

दुपारी आशाताई आल्या. डोक्याला प्लास्टिकची टोपी, हातात ते ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचं मशीन. प्रत्येक दारात तेच विचारत होत्या, ताप हाय का, खोकला हाय का. अन् प्रत्येक दारातनं तेच उत्तर येत होतं. आमच्या दारात आल्या तर माझ्या आधी मावशीच बोलल्या, "नाय ओ ताई, सगळे ठणठणीत. ही बाळंतीण हाय, जरा थकलीय."

ताईंनी माझ्या बोटाला मशीन लावलं. बघितलं. बोट पुसून परत लावलं.

"हात गार हायत तुझे, आकडा नीट येईना," त्या म्हणल्या. "आत कोण हाय?"

मी मागं बघितलं. आत्याबाईंनी खोकला दाबायला वाकळ तोंडात कोंबली होती अन् मान हलवत होत्या, नको, नको. समोर मावशी. प्रत्येक दारात एक एक बाई उभी, सगळ्यांची नजर माझ्यावर.

"सासूबाई. झोपल्यात," मी म्हणले.

ताई पुढं, वर हौदाकडं गेल्या. मी दारातच उभी. लेकरू रडायला लागलं. आतला खोकला वाकळेतनं बी ऐकू यायला लागला. मी हाक मारायला गेले तर आवाजच निघेना, नुसती हवा. मग मी तशीच लेकराला घेऊन चढ चढायला लागले. आमचा चढ काय मोठा नाय, पण मला तो संपतो का नाय असं झालं. हौदाच्या कट्ट्यावर बसले अन् ताईंचा पदर धरला.

"ताई, सासूबाईंना न्या."

गाडी आली. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं आली. मी पिशवीत लुगडं भरलं, साबण भरला, काय भरावं तेच कळेना. आत्याबाई नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. "सांगितलंस," एवढंच बोलल्या. रागात नाय. थकून.

त्या परत आल्या नाय. लई उशिरा आणलं, असं दवाखान्यातनं फोनवर सांगितलं. लेकराच्या बापानं त्यांना लांबूनच बघितलं, गुंडाळलेल्या. तोंड बी दिसलं नाय.

इकडं पत्रे लागलेच. हौद पत्र्याच्या आत, टँकर बाहेर. डायवर खाली उतरायलाच तयार नाय. बायका पत्र्यावर घागरी आपटत होत्या. मावशी आपल्या दारातनं मला म्हणल्या, "पी आता, खरं बोलल्याचं पाणी."

मला बोलायला श्वास बी नव्हता. पालथी पडून राहायचे, लेकरू शेजारी पडून रडायचं. मी कशी वाचले ते मला ठावं नाय.

पण पुढं जे झालं ते मला अजून सोसत नाय. माझं बघून गल्ली जास्तच गप झाली. आशाताई दिसल्या की दारं लागायची. कोपऱ्यावरचे रिक्षावाले भाई घरातच खोकत पडले. त्यांची बायको म्हणायची, "नक्को भाभी, ले गये तो वापस नहीं आते, देखे ना आत्याबाई का." ते घरातच गेले. मावशी बी घरातच गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांची सून दारातनं मला ओरडून विचारत होती, ते बोटाचं मशीन कुणाकडं मिळंल.

रस्त्यापलीकडं बंगले हायत. आजार तिथं बी होता. पण तिथं घराघरात नळ, आजारी माणसाला वरची खोली, दाराबाहेर जेवणाचं ताट. दम लागला की लगेच आपली गाडी काढून दवाखाना. तिथं बी माणसं गेली, नाय असं नाय. पण आमच्यासारखं दारामागं दार रिकामं झालं नाय. लोक म्हणतात, तुमच्या गल्लीतले अडाणी, म्हणून गेले. मी शाळा सातवीत सोडली, मला उत्तर देता येत नाय.

सकाळीच सांगितलं असतं तर आत्याबाई वाचल्या असत्या का? अन् सांगितलंच नसतं, तर मावशी अन् भाई भ्याले नसते, वेळेवर दवाखान्यात गेले असते का? मी दोन्हीकडनं फिरवून फिरवून बघते. तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या हातात तान्हं लेकरू, आत श्वासाला तडफडणारं माणूस स्वतःच नको म्हणतंय, भवताली तहानेला भ्यालेली गल्ली, अन् दारातली बाई विचारतेय, आत कोण हाय.

तुम्ही काय सांगितलं असतं?