खारूताईचं खोकं

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळे 'कडक' म्हणतात. इस्त्री कडक, बोलणं कडक, आणि नियत तर त्याहून कडक. मी काउंटरवर बसते. गिऱ्हाइकाचे कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, नंबराची पट्टी टाचायची, हे माझं काम. इस्त्री तिची. माझ्या नजरेतून सुटलेली एखादी वस्तू कुणाच्या खिशात तिला सापडली, तर ती गिऱ्हाइकाच्या मागे गल्लीभर धावत जाऊन देऊन यायची. वर मलाच ऐकवायची, "मावशी, डोळे घरी ठेवून येता का?"

अशा बाईच्या पोटी चोर निघावी, हे देवाचं काय गणित आहे ते त्यालाच माहीत.

पोरगी सात वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. बाप टेम्पो घेऊन गावोगाव फिरणार, घरी दुसरं कुणी नाही. म्हणून शाळा सुटली की ती थेट आमच्याकडे यायची आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. गुणी पोर. आदल्या वर्षी कडक बाळंत झाली, मुलगा झाला, आणि तो दवाखान्यातच गेला. घराचा उंबरासुद्धा त्याने पाहिला नाही. ती कामावर परतली तेव्हा आम्ही कुणी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. इस्त्री मात्र इतकी दाबून फिरवायची की कापडाची दया यावी.

त्यानंतर वस्तू जायला लागल्या. आधी एका तान्ह्या बाळाचा मोजा. मोजा काय, हरवतोच, म्हणून गिऱ्हाईक गप्प बसलं. मग एक लाळेरं. मग शेजारणीच्या घरचा छोटा चमचा, आणि तो निघाला खारूताईच्या दप्तरात. "कुणी दिला?" तर म्हणे, शाळेतल्या बाईंनी. बाईंना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "चमच्याचं राहू द्या," म्हणाल्या, "ही वर्गात सांगते, मला भाऊ आहे, त्याला आता दात येतायत."

त्या दिवशी कडकने पोरीला बदडून काढलं. मग जवळ घेऊन समजावलं. मग पोलिसांची भीती घातली, शेजारणीच्या दारात नेऊन माफी मागायला लावली. सगळे उपाय झाले, पोरगी आपली ढिम्म. विचारलं की डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायची, पापणीसुद्धा हलायची नाही. "माझंच रक्त ना हे," कडक मला म्हणायची, "मग असं कसं झालं?" मी काय सांगणार? मला लेकरू नाही, आणि ज्यांना नसतं त्यांनाच सल्ले फार सुचतात, म्हणून मी तोंड मिटून बसायचे.

शेवटी मालकाने सांगून टाकलं. आणखी एक कपडा गेला तर मायलेकी दोघींनी यायचं नाही. नोकरी गेली तर खायचं काय, आणि दुसरीकडे काम धरलं तर पोरीला ठेवायचं कुणाच्या भरवशावर? पण याहून मोठी भीती तिच्या पोटात होती. ती एकदाच बोलली. "मावशी, उद्या हिला जग चोर म्हणेल, आणि ते ऐकायला मला जगावं लागेल."

आणि नेमका स्वेटर गेला. वर्षाच्या बाळाचा, हाताने विणलेला. ज्या बाईचा होता, तिची आई तो विणून झाल्यावर थोड्याच दिवसांत वारली होती. ती बाई काउंटरपाशी उभी राहून मुकाट रडत होती. भांडली असती तर परवडलं असतं. कडकने सगळ्यांसमोर दप्तर उलटं केलं. काही नाही. "मी नाही घेतला," खारूताई म्हणाली. कडकने तिचा दंड धरला आणि तशीच तिला ओढत घराकडे निघाली. आज पोरीचं काही खरं नाही, म्हणून मी काउंटर मालकाच्या हवाली करून मागोमाग गेले.

पलंगाखाली पुठ्ठ्याचं खोकं होतं. कडकने ते बाहेर ओढलं. आत मोजा, लाळेरं, कुठलं तरी एक झबलं, आणि तो स्वेटर. सगळ्याच्या घड्या आमच्या लॉन्ड्रीसारख्या, कोपऱ्याला कोपरा लावून. कपड्यांत माझा जन्म गेलाय, मला मापं लगेच दिसली. तळाशी अगदी तान्ह्याचं, त्यावर जरा मोठं, आणि सगळ्यात वर वर्षाच्या पोराचं.

"हे कशाला?" कडकने विचारलं. हात उगारलेलाच होता.

"बाळ दवाखान्यातून आलं की घालणार काय? तू त्याचे सगळे कपडे देऊन टाकलेस. आता ते मोठं झालं असेल ना."

हात खाली आला. कडक फरशीवर बसली, आणि मग तिच्या तोंडून मला सगळं कळलं. तिच्या नणंदेने तेव्हा सांगितलं होतं, पोर लहान आहे, हाय खाईल. तिला म्हणावं बाळ दवाखान्यात आहे, वजन वाढलं की आणू. चार दिवसांत विसरेल. हिने तेच सांगितलं. पोर विचारायची, ही म्हणायची, "वाढतंय हं वजन." पुढे पोरीने विचारणं सोडलं, आणि हिला वाटलं, विसरली.

"ते येणार नाही," कडक म्हणाली. "ते गेलं, राणी. जन्मलं त्याच दिवशी गेलं."

"खोटं."

"खरं सांगतेय."

"मग तेव्हा तू खोटं बोललीस?"

"हो."

खारूताई रडली नाही. तिने स्वेटरची बाही सरळ केली आणि विचारलं, "मग तुला कुणी मारलं?"



स्वेटर परत गेला. कडकने मालकाला स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, पोरीला मावशीजवळ बसवा. त्यानंतर लॉन्ड्रीतून साधा रुमाल गेला नाही. शाळेतूनही तक्रार नाही. लोक म्हणतात, आली हो पोर वळणावर. मीही मान हलवते, वाद कोण घालणार?

काल कडकला ताप होता, इस्त्री धरवत नव्हती. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जा. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "औषध घेऊन आलेच हं मी. इथेच बस."

खारूताईने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मावशी, ती परत येणार आहे?"

"येणार गं."

"नक्की ना?"

"नक्की."

तेव्हा कुठे ती आईला म्हणाली, "जा." कडक दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.