काकांची हिरवी गाडी आणि माझा हात

"थांब. काहीतरी वाजतंय."

बॉनेटवर तळहात ठेवायचा, मान वाकडी करायची, डोळे मिटायचे आणि हे म्हणायचं. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं हे रोजचं. मी एकदा म्हटलं, "काका, माझं पोट वाजतंय. सकाळपासून चहा नाही." ते डोळे न उघडता म्हणाले, "पोट नाही रे. तुझ्या पोटाचा आवाज मला पाठ आहे."

मी तिथला पंपवाला. पाणी वर चढवायचं, टाकी भरली की बटण बंद करायचं. यात चुकण्यासारखं काय आहे? तरी गच्चीवरून धबधबा सोडणारा म्हणून मी दोन्ही विंगमध्ये फेमस. अशा माणसाला काकांनी गाडीच्या कामाला का घेतलं, ते तुम्हाला कळलं तर मलापण सांगा.

गाडी म्हणजे दोन सीटची, बुटकी, उघडी, हिरवीगार विलायती स्पोर्ट्स कार. काकांच्या लग्नाच्याही आधीची. गॅरेजवाल्याला ते तिच्या जवळ फिरकू द्यायचे नाहीत. सगळं काम इथेच, पार्किंगमध्ये, जुन्या चटईवर आडवं होऊन. सिग्नलला इंजिन तापतं म्हणून भंगारातल्या एका छोट्या गाडीचा पंखा आणून बसवला. काकूंसाठी सीटबेल्ट बसवला. त्याचे बोल्ट तीनदा तपासले, मग काकूंना बांधून बेल्ट ओढून बघितला. "मी काय तांदळाची गोणी आहे?" काकू ओरडल्या.

मागचा नवीन लाइट माझ्याकडे होता. मी वायर अशी जोडली की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. काका शांतपणे म्हणाले, "झकास. पुढचा पळेल, मागचा आदळेल."

हसवायचे, पण आतून माणूस कायम टेन्शनमध्ये. उजवा हात थरथरायला लागला होता ना. नट हातातून पडला की ते पटकन माझ्याकडे बघायचे, मी बघितलं का ते बघायला. मी पंपाकडे बघत बसायचो.

त्या शनिवारी त्यांनी ब्रेकचं काम काढलं होतं. संध्याकाळी चहाला वर जाताना म्हणाले, "तेवढं ब्रेकचं तेल खुणेपर्यंत भरून ठेव." तेल माझ्या पंपरूमच्या फळीवर असायचं. मी पिवळ्या झाकणाची बाटली काढली, ओतलं, फडक्याने पुसलंसुद्धा. एकदम मेकॅनिक.

रविवारी सकाळी काका-काकू ठाण्याला निघाले, काकूंच्या बहिणीकडे, घोडबंदरच्या घाटातून. ते गेले आणि थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरचे साहेब खाली आले.

"माझी स्टिअरिंगच्या तेलाची बाटली ठेवायला दिली होती तुझ्याकडे. अर्धी कशी झाली रे?"

त्यांच्या हातातल्या बाटलीचं झाकण पिवळं. फळीवर दुसरी बाटली. तिचंही पिवळं.

"साहेब, हे ब्रेकमध्ये पडलं तर?"

"रबरं फुगतात. मग ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही. का रे?"

मी काकांना फोन लावला. उचलत नाहीत, गाडी चालवताना ते फोनला हात लावत नाहीत. काकूंना लावला. त्या उघड्या गाडीत काय ऐकू येणार, कप्पाळ? लावतोय, कापतोय, परत लावतोय. शेवटी रिक्षा पकडली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे?" म्हटलं, "घाटाकडे. हिरवी गाडी दिसली की थांब." म्हणाला, "आणि नाही दिसली तर?" मी परत फोन लावला. रस्त्याच्या कडेला जिथे जिथे गर्दी दिसली तिथे तिथे मी अर्धा बाहेर वाकलो. एका ठिकाणी नुसते कलिंगडवाले होते. मी त्यांनाच हात जोडले.

घाट सुरू व्हायच्या अलीकडे गाडी उभी दिसली. काकू बाहेर पदराने वारा घेत होत्या. काका मागच्या चाकाजवळ जमिनीवरच बसले होते. चाकाला हात लावला तर तापलेला तवा. ब्रेक चिकटून बसले होते. काकांना गाडी जड लागली म्हणून त्यांनी बाजूला घेतली होती.

मला बघितलं तरी हा कसा इथे, असं त्यांनी विचारलं नाही. हात पुढे धरला, थरथरणारा. "बघ. काल याच हाताने मी काहीतरी चुकवलं. शेजारी हिला बसवून निघालो होतो. आता बास. गाडी देऊन टाकायची."

काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, खूप झाली हौस."

आता तुम्हीच सांगा. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. साहेबांना काहीतरी थाप मारली असती. नोकरी राहिली असती. थापा मारण्यात मी हुशार आहे. पण तो हात अजून माझ्यासमोरच होता.

"काका, तुमचा हात नाही चुकला. माझा चुकला. मी स्टिअरिंगचं तेल ओतलं." मग जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं तेपण बाहेर पडलं. "मला इंग्लिश वाचता येत नाही. मी झाकणाच्या रंगावर चालवतो."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते काकूंकडे वळले. "ऐकलंस? हा गाढव आहे! माझा हात ठीक आहे!" आणि उन्हात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं.

गाडी टेम्पोवर चढवून आणली. ब्रेकची सगळी रबरं बदलायला तीन आठवडे गेले. इंग्लिशबद्दल काका एक शब्द बोलले नाहीत. फक्त एक दिवस फळीवरच्या बाटल्यांवर कागद चिकटलेले दिसले. एकीवर स्टिअरिंगचं चाक काढलेलं, दुसरीवर पाऊल. रेघा थरथरलेल्या, पाऊल वांग्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "काका, हे ब्रेकचं तेल की भरीत?" म्हणाले, "तू ओत, मग बघू."

पुढचं वर्षभर त्यांनी गाडी चालवली. मग काका गेले. काकूंनी गाडी नाशिकच्या एका हौशी माणसाला दिली. तो पाने, चटई, डबे सगळं घेऊन गेला. ब्रेकच्या तेलाची बाटली विचारत होता. मी म्हटलं, संपली.

फळीवर आहे. माझ्याकडे गाडी नाही, पंपाला ब्रेक नसतो. तरी कुणी हात लावला तर मी भांडतो.