रडत नाही म्हणून संशय

ती घटना अजून मनातून जात नाही, कारण त्यात चोरांपेक्षा जास्त चुका मी केल्या होत्या.

निरगुडसरच्या शिवारात एका मेंढपाळाचा तळ होता. आईबाप बाजाराला गेलेले. तळावर नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा तान्हा भाऊ. भरदुपारी दोघं पिकअप घेऊन आले, कोयता दाखवला आणि लेकुरवाळ्या मेंढ्या भरून नेल्या. बाप आधी परतला. पोरांना घेऊन तडक ठाण्यात आला.

मुलीनं सगळं क्रमानं सांगितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मांडीवर भावाला घेऊन नुसती डुलत होती. मी अनुभवी अधिकारी. ठरवून टाकलं, पोरगी पढवलेली आहे, मेंढ्या बापानंच विकल्या. डायरीत लिहिलं, ‘मुलगी रडत नाही. जबाब संशयास्पद.’ अक्षर छान आलं होतं. बापाला बाकावर बसवलं आणि खोट्या फिर्यादीबद्दल त्यालाच आत टाकायची तयारी सुरू केली.

“खरं सांग पोरी, बापानं शिकवलंय ना?”

“न्हाई. कोकरं जाळीच्या वाड्यात कोंडली व्हती, ती तेवढी ऱ्हायली.”

तेवढ्यात पेठ गावाहून खबऱ्याचा फोन. “साहेब, हितं एका शेडात मेंढ्या उतरल्यात. दुधानं कासा तटतटल्यात, पण कोकरू एकबी न्हाई.”

बापलेकीला आणि बाळाला घेऊन तिथं गेलो. शेडवाला बेरकी. “इकत घेतल्यात साहेब. खूण दाखवा नि न्या.” कान ताजे कापलेले, कानावरची बापाची खूण त्यातच गेलेली. पंचनाम्याला आणलेल्या पंचांना दाखवायला काही उरलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, “आमची कोकरं आणा की.”

हवालदार हसले, मीही हसलो. तरी गाडी पाठवली. कोकरं सोडली आणि बघता बघता प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला लागलं. परक्याच्या पिल्लाला मेंढी जवळ करत नाही, हे मला त्या वयात कळलं. शेडवाल्यानं मुकाट त्या दोघा चोरांची नावं सांगितली.

“तू घाबरली नाहीस?” मी मुलीला विचारलं.

“लई भ्याले. पण कोयतावाला म्हणला, पोरगं रडलं तर त्यालाबी नेतो. मी रडले असते तर ते उठलं असतं.”

“मग ठाण्यात?”

“तवाबी निजलंच व्हतं.”

तेवढ्यात बाजारातून परतलेली आई ठाण्यात विचारून शोधत आली. तिनं बाळ उचलून घेतलं आणि पोरगी रडायला लागली. कितीतरी वेळ रडत होती. मी बापाची माफी मागितली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या साहेब, मेंढ्यांना पाणी दावायचंय.”

लहान मूल भीती गिळतं, ते बहुतेक आणखी कुणासाठी तरी. डायरीतली ओळ खोडता येत नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘मांडीवर बाळ झोपलेलं होतं. मी पाहिलं नाही.’