घरटी एक माणूस

मी गाव सोडलं तेव्हा रडायला कोणी आलं नाही. रडण्याइतका मी लांब जातच नव्हतो. लोक दुबईला जातात, कॅनडाला जातात; मी तळोज्याच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून खारघरला, एकोणिसाव्या मजल्यावर गेलो. रिक्षाचं भाडं सांगितलं तर तुम्ही हे वाचायचंही सोडाल. पण सामानाचा टेम्पो होता, तो चालवायला माझा दोस्त सलीम होता आणि माझ्या डोळ्यांवर नवा गॉगल होता, म्हणजे स्थलांतर झालंच.

टेम्पो सुरू झाल्यावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आतून आला आणि त्यानं सामानातलं बाचं फावडं ओढून काढलं.

"हे हितंच ऱ्हाईल. टावरात काय खननार, टाइल्स?"

मी म्हणालो, बा माझाही होता. त्यावर तो जे बोलला ते मी अजून गिळलेलं नाही. "बांध फुटला तं घरचा मानूस मी. तुला आता कोन बोलवनार नाय."

गावाबाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आहे. तो फुटला की थाळी वाजते आणि घरटी एक माणूस चिखल भरायला जातो. भाऊबंदकी असो, कोर्टात केस असो, जायचं. बा तापात फणफणत असतानाही गेला होता. जाताना म्हणायचा, "भांडान घरात ठेवा, पानी बाहेर ठेवा." सलीमच्या घरचाही माणूस यायचा, आम्हा दोघांची दोस्ती त्याच रांगेत, एकमेकांच्या अंगावर चिखल उडवत झाली. आणि दादानं मला त्या रांगेतूनच काढलं.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. द्वेष मात्र नियमित. माझ्या गॅलरीतून आमचं घर दिसतं. दादानं छपराला निळा पत्रा टाकला तेव्हा तो मला खिजवायलाच टाकलाय, अशी माझी खात्री होती. मीही कमी नाही, गावाकडची खिडकी उघडायची नाही असं ठरवलं आणि काचेतून बघत बसलो. समेट करून दे म्हणून सलीमला गळ घातली, तर म्हणाला, "तुमी दोघं एका बादलीतले खेकडे. मी हात घालीन आन माझंच बोट जाईल."

बाची शिकवण टॉवरात कशी उपयोगी पडते, तेही ऐका. एका रविवारी दुपारी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. मला राहवेना. स्वयंपाकघरातली थाळी घेतली आणि लॉबीत बडवत सुटलो: प्रत्येक फ्लॅटमधून एकेक माणूस द्या! वॉचमन तेवढा आला, तोही मला आवरायला. मग मी एकट्यानंच रॅम्पच्या तोंडाशी कोणाच्या तरी रिनोव्हेशनच्या गोण्या रचल्या. वाळूच्या समजून. त्या सिमेंटच्या होत्या. सकाळी सोसायटीच्या दारात एक कायमस्वरूपी बांध उभा होता आणि त्याच्या आत सगळ्यांच्या गाड्या. मला नोटीस आली. सलीमनं हा किस्सा गावात सांगितला. "तुजा दादा हसता हसता ओट्यावरून पडला," त्यानं मला प्रेमानं कळवलं.

यंदा आषाढातल्या उधाणाला काचेतून बघत होतो, तर बांधाच्या कडेला माणसं पळताना दिसली. एकोणिसाव्या मजल्यावर थाळी ऐकू येत नाही. मला कोणी बोलावलंही नव्हतं. लिफ्ट लवकर येईना, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "चांगले बूट तरी काढा." काढले नाहीत.

ओहोटी लागली होती. भरती परत यायच्या आत खिंडार बुजवायचं होतं. मी रांगेत घुसलो तो नेमका दादाशेजारी. त्यानं पाहिलं आणि घमेलं माझ्या हातात असं आपटलं की निम्मा चिखल शर्टावर आला. पुढचंही तसंच. मी शर्टाकडे पाहिलं नाही. रांगेत पलीकडे सलीम दात काढत होता.

मग एक म्हातारे पंच घरं मोजत आले. एकेका बापाचं नाव घ्यायचं आणि त्या घरचा माणूस बघायचा, अशी रीत. आमच्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "बाळारामाच्या घरचा कोन?"

माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. दोन माणसं कोणी सांगत नाही, घरटी एकच.

दादानं माझ्याकडे हनुवटी केली. "हा."

पंच पुढे गेले. दादानं बाचं फावडं माझ्या बुटांशेजारी चिखलात रोवलं आणि म्हणाला, "घरचा मानूस हायस ना? मंग भर आता. मी चाललो जेवायला."

आणि खरंच गेला. भरतीचं पाणी बांधाला लागेपर्यंत मी चिखल ओढत होतो. निळ्या पत्र्याखालून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. मला कोणी जेवायला बोलावलं नाही.

लिफ्ट चिखलानं भरवल्याबद्दल सोसायटीची आणखी एक नोटीस आली आहे. दादाशी बोलणं अजून बंदच आहे. फावडं माझ्या गॅलरीत उभं आहे. त्यानं मागितलं नाही, मी दिलं नाही. गावाकडची खिडकी आता उघडी ठेवतो. थाळी एवढ्या वर ऐकू येत नाही, माहीत आहे मला. तरी उघडी ठेवतो.