गंगूला जनावर म्हणालो तेव्हा

माझ्या सासुरवाडीला, देवळाली प्रवऱ्यात, गाईला 'जनावर' म्हणणाऱ्याचं जेवण तिथंच थांबतं. जावयाचंसुद्धा!

अधिक महिना होता. जावयाचा धोंड्याचा मान! अंगात सासऱ्यांनी घेतलेला पांढराशुभ्र ड्रेस, ताटाभोवती रांगोळी, ताटात तुपात पोहणारे पुरणाचे धोंडे. तेवढ्यात गोठ्यात गंगू गाय हंबरली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी (तोंड भरलेलं, डोकं रिकामं) बोलून गेलो, "जनावरच ते, ओरडणारच!"

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातातला घास खाली ठेवला.

"जावईबापू, जनावर म्हंजी जे आपल्याला वळखत न्हाई ते. उसातला बिबट्या जनावर. गंगू न्हाई!"

(या हिशेबानं नगरच्या ऑफिसातले आमचे साहेब पक्के जनावर! पण ही वेळ नव्हती.)

इतक्यात गोठ्यातून सासूबाई ओरडल्या, "अवं, पळा! गंगू अडलीय!"

वासराचे पुढचे खूर बाहेर, बाकी वासरू आत. गुरांचे डॉक्टर राहुरीहून निघालेले, पण वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेले. फोनवरून सांगत होते, "कळ आली की ओढा, न्हाईतर दोन्ही जीव जातील!" गंगूला मामांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ते तिच्या गळ्याला मिठी मारून बसले, ओढायला काही धजेनात.

"अहो, बघता काय? ओढा!" बायको कडाडली.

"या ड्रेसवर?"

"ड्रेस माझ्या बापानं घेतलाय! ओढा!"

कळ आली. मी असा जोर लावला, की तिकडं पुणतांब्याला गोदावरी हातभर सरकली असेल! पुढच्या क्षणी मी शेणात उताणा आणि वासरू माझ्या छातीवर. जिवंत! शिंकलंसुद्धा, थेट माझ्या तोंडावर.

गंगू वळली आणि चाटायला लागली. वासराला नव्हे, मला! कपाळ, कान, मिशी...

"मामा, सोडवा!"

"हलू नका बापू! बाळंतीण हाय, लेकरू वळखून घेतीय!" मामा रडत होते, हसतही होते. मग त्यांनी मला शेणासकट मिठी मारली. सासूबाईंनी राहिलेले धोंडे स्वतःच्या हातानं भरवले. मी एवढं बोलूनही त्या घरानं मला पोटाशी धरलं, हे गंगूचे उपकार. ते या जन्मी फिटायचे नाहीत.

आता कुणी गंगूची चौकशी केली, की मामा अभिमानानं सांगतात, "दोन लेकरं हायती तिला. धाकटं दावणीला, थोरलं नगरला नोकरीला. त्यातल्या त्यात धाकटं हुशार हाय!"